ग्राफीन नंतर, आधी वीस कोऱ्या स्ट्रिप्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही तिघं आहात, दोघं इलेक्ट्रॉनिक्सचे आणि एक जण बायोटेकची, फायनल इयरला ग्राफीन (एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा) ट्रान्झिस्टरची चिप करून रक्ताच्या एका थेंबातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रोटीन) मोजायचंय म्हणजे हार्ट अटॅक आलाय का ते गावातल्या आरोग्य केंद्रातच कळेल, रीडर पाच हजारात आणि स्ट्रिप वीस रुपयांत बसवायचीय, तर सुरुवात कुठून करू. तळमळ अगदी योग्य आहे आणि बजेटही अशक्य नाही, पण तुम्ही निवडलेला रेणू आणि निवडलेली पद्धत या दोन्ही गोष्टी बदला असं मी सांगणार आहे, आणि का ते नीट सांगतो कारण नुसतं "अवघड आहे" म्हणून कुणाचं समाधान होत नाही. मी अठरा वर्षं याच कामात आहे, इलेक्ट्रोड छापणं, त्यावर अँटीबॉडी (ठरावीक रेणूला ओळखून पकडणारं प्रोटीन) बसवणं, रीडर बनवणं, मग ते सगळं लॅबच्या बाहेर नेल्यावर का बिघडलं ते शोधणं.

पहिला हिशोब सांद्रतेचा करा, तो कागदावर पाच मिनिटांत होतो पण फार कमी लोक करतात. रक्तातली साखर १०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण ५.५ मिलिमोलर. ट्रोपोनिनचा रेणू साधारण २४ हजार डाल्टनचा, आणि डॉक्टरला ज्या पातळीला निर्णय घ्यायचा असतो ती लिटरला वीसेक नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक पिकोमोलरपेक्षाही (मिलिमोलरच्या शंभर कोटीव्या भागापेक्षाही) कमी. दोन्हींचा भागाकार केला तर सहाशे-सातशे कोटी पट फरक येतो. ग्लुकोमीटर पाचशे-हजारात मिळतो म्हणून ट्रोपोनिनमीटरही तेवढ्यात होईल असं वाटणं साहजिक आहे, पण ही दोन वेगळी कामं आहेत. साखरेच्या बाबतीत निसर्गाने तुम्हाला पोतंभर माल दिलाय, ट्रोपोनिनच्या बाबतीत त्याच पोत्यात एक दाणा लपवलाय आणि बाकीचं पोतं अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन वगैरे इतर प्रोटीन्सनी भरलंय, ती सगळी तुमच्या चिपवर चिकटायला तयार बसलेली असतात.

दुसरी अडचण ट्रान्झिस्टरवाल्या सगळ्या सेन्सर्सची आहे, ग्राफीन असो की सिलिकॉन नॅनोवायर. कल्पना जुनी आहे, बर्गवेल्डने १९७० मध्ये आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर दाखवला, त्याला इस्फेट म्हणतात, आणि पीएच मोजायला तो उत्तम चालतो. प्रोटीनचं तसं नाही. ट्रान्झिस्टरला रेणूचा विद्युतभार जाणवायला हवा, पण रक्तात मीठ असतं, त्या मिठाचे आयन भाराभोवती गोळा होतात आणि तो झाकून टाकतात. किती अंतरावर झाकला जातो त्याला डिबाय लेंग्थ म्हणतात आणि शरीरातल्या मिठाच्या प्रमाणाला ती जेमतेम ०.७ ते ०.८ नॅनोमीटर येते. अँटीबॉडी स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटर उंच. म्हणजे यात्रेच्या गर्दीत तुम्ही हाक मारताय आणि ती शेजारच्या माणसाच्या पुढे जातच नाहीये, आणि ज्याला ऐकू जायला पाहिजे तो वीस माणसं सोडून उभा आहे. पेपरमध्ये जे सुंदर आलेख दिसतात त्यातले बरेच बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण) शंभर पट पातळ करून घेतलेले असतात, तिथे ही लांबी सात नॅनोमीटरपर्यंत जाते आणि सिग्नल दिसतो. यावर उपाय आहेत, अँटीबॉडीऐवजी डीएनएचे छोटे तुकडे म्हणजे अ‍ॅप्टामर वापरतात, पृष्ठभागावर पॉलिमरचा थर देतात, पण ते पीएचडीचे विषय आहेत, एका वर्षाच्या प्रोजेक्टचे नाहीत. शिवाय एक गोष्ट लोक सांगत नाहीत, ट्रान्झिस्टर नखाएवढा असला तरी त्याला रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो स्थिर इलेक्ट्रोड, लागतोच, आणि पुष्कळ लॅबमध्ये त्या नखाएवढ्या चिपवर बोटभर लांबीचा काचेचा रेफरन्स इलेक्ट्रोड बुडवून रीडिंग घेतलेलं असतं. मग ते पोर्टेबल राहिलं कुठे.

तिसरी गोष्ट, सेन्सर जितका छोटा तितका संवेदनशील असं वाटतं पण रेणू तिथे पोचायला तर पाहिजे ना. एक फेम्टोमोलरच्या (पिकोमोलरचा हजारावा भाग) १० मायक्रोलिटर थेंबात मोजून सहा हजार रेणू असतात, आणि ते थेंबात इकडेतिकडे भरकटत असतात, तुमच्या नॅनोवायरवर येऊन बसायला त्यांना तास, कधी दिवस लागतात. थेंब हलवत राहायची किंवा वाहता ठेवायची सोय केली तर वेळ थोडा कमी होतो पण मग पंप आला, नळ्या आल्या, गळती आली.

म्हणून माझा सल्ला असा की लघवीतला अल्ब्युमिन घ्या.

का ते सांगतो. डायबेटिस असलेल्या माणसाची किडनी खराब व्हायला लागली की सगळ्यात आधी लघवीत थोडा थोडा अल्ब्युमिन गळायला लागतो, क्रिएटिनिनच्या (शरीर लघवीतून रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) प्रत्येक ग्रॅममागे ३० मि.ग्रॅ.च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, ३०० च्या वर गेला म्हणजे बरंच नुकसान झालेलं असतं. मधल्या टप्प्यात कळलं तर ब्लडप्रेशर, साखर आणि औषधं सांभाळून ते नुकसान बरंच लांबवता येतं. आता आरोग्य केंद्रात जी साधी लघवीची डिपस्टिक असते ती प्रोटीन दाखवते पण साधारण लिटरला दीडशे-तीनशे मि.ग्रॅ. झाल्यावर, म्हणजे नेमका जो सुरुवातीचा पट्टा पकडायचा तोच तिच्या हातून सुटतो. गरज खरी आहे, सुई टोचायची नाही, आणि रेणू भरपूर आहे. लिटरला ३० मि.ग्रॅ. म्हणजे अल्ब्युमिनच्या ६६ हजार डाल्टनच्या हिशोबाने ०.४५ मायक्रोमोलर. तुम्ही सँपल बफरमध्ये ५० पट पातळ केलं तरी ९ नॅनोमोलर उरतो आणि अँटीबॉडीला तो आरामात सापडतो. हे पातळ करता येणं फार महत्त्वाचं आहे, कारण लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत कुठेही असू शकतो, मीठ माणसागणिक वेगळं, सकाळची लघवी वेगळी आणि दुपारी दोन तांबे पाणी प्यायल्यावरची वेगळी. पन्नास पट पातळ केलं की हे सगळे फरक तुमच्या बफरखाली दबून जातात. ट्रोपोनिनला ही चैन परवडत नाही.

अल्ब्युमिनबरोबर क्रिएटिनिन पण लागतं कारण पाणी किती प्यायलं त्याचा परिणाम काढून टाकायचा असतो. पण पहिल्या वर्षी क्रिएटिनिन स्ट्रिपवर आणायला जाऊ नका. त्याला तीन एन्झाइम ओळीने लागतात, क्रिएटिनिनेज, क्रिएटिनेज आणि सार्कोसिन ऑक्सिडेज, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि तो मोजायचा, आणि त्याच व्होल्टेजला व्हिटॅमिन सी आणि पॅरासिटामॉल पण करंट देतात. प्रशियन ब्लू नावाच्या निळ्या रंगद्रव्याचा थर देऊन व्होल्टेज शून्याजवळ आणता येतं आणि हा त्रास कमी होतो, पण ते दुसऱ्या टप्प्यात. आत्ता क्रिएटिनिन नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून करून घ्या.

इथे ग्लुकोमीटरची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लार्क आणि लायन्सनी एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना १९६२ मध्ये मांडली. पेनएवढं घरगुती इलेक्ट्रोकेमिकल मीटर बाजारात आलं १९८७ मध्ये. मधली पंचवीस वर्षं कुणी झोपलेलं नव्हतं. मोठा अडथळा असा होता की जुनी पद्धत ऑक्सिजनवर अवलंबून होती आणि रक्तातला ऑक्सिजन कमीजास्त होतो, मग १९८४ मध्ये फेरोसीन नावाचं संयुग एन्झाइम आणि इलेक्ट्रोडच्या मधे निरोप्या म्हणून वापरलं आणि ऑक्सिजनची गरजच संपली. आणि दुसरी गोष्ट अशी की महागडी बुद्धी सगळी मीटरमध्ये ठेवली आणि फेकायची स्ट्रिप शक्य तितकी साधी केली, प्लॅस्टिकवर छापलेला कार्बन, बस. सिलिकॉन नाही, क्लीनरूम नाही. म्हणून आज स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांत मिळते. तुम्ही "चिप" म्हणताय तेव्हा डोळ्यासमोर सिलिकॉन येतं, पण थेंबाला लागून फेकून द्यायची वस्तू सिलिकॉनची असलीच पाहिजे असं नाही. सिलिकॉन रीडरमध्ये राहू द्या, तिथे ते वर्षानुवर्षं चालतं.

आता प्रत्यक्ष स्ट्रिप. आमच्या पहिल्या चांगल्या स्ट्रिप्स लग्नपत्रिका छापणाऱ्या एका कारागिराकडे झाल्या, पुण्यातल्या पेठेत, हे मी अजूनही अभिमानाने सांगतो. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे शेवटी स्क्रीन प्रिंटिंगच. आम्ही डिझाइन फिल्मवर काढून नेलं, त्यांनी स्क्रीन एक्स्पोज करून दिली, आम्ही आमची कार्बन इंक आणि पीईटी प्लॅस्टिकच्या शीट घेऊन गेलो. पहिल्या पन्नास शीट वाया गेल्या. मग ते काका म्हणाले की तुमची शाई घट्ट आहे आणि तुम्ही स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) उभी धरताय, जरा कलती धरा आणि एकाच दमात ओढा, मधे थांबू नका. त्यांनी स्वतः ओढून दाखवली, एकच आवाज, सर्रकन, आणि शीट उचलली तर कडा अशा की भिंगातून बघितल्या तरी दातेरी नाहीत. ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्याकडून शिका, तीन महिने वाचतात. छापल्यावर इंकच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये वाळवायची, साधारण ६० ते ८० अंशाला अर्धा तास वगैरे, आणि प्रत्येक वेळी तेवढाच वेळ ठेवायचा, आज चहा प्यायला गेलो म्हणून पंचेचाळीस मिनिटं झाली असं चालत नाही, करंट बदलतो.

रेफरन्स इलेक्ट्रोड चांदीच्या शाईचा छापायचा आणि त्यावर सिल्व्हर क्लोराइड करायचं. घरात कपड्यांना वापरतात ते साधं ब्लीच, त्याचा एक थेंब फक्त चांदीच्या गोलावर ठेवायचा, पाच-दहा मिनिटांत चमक जाऊन जांभळट करडा रंग येतो, मग डिस्टिल्ड पाण्याने तीन-चारदा धुवायचं. थेंब कार्बनवर ओघळला की ती स्ट्रिप बाजूला काढा, वापरू नका. गोल कुठे संपतो आणि तार कुठे सुरू होते ते पक्कं ठरवायला मधे इन्सुलेटिंग थर हवा, सुरुवातीला नेलपॉलिशने चालतं पण हाताने लावलेल्या नेलपॉलिशची रेघ प्रत्येक स्ट्रिपवर वेगळी येते आणि क्षेत्रफळ बदललं की करंट बदलतो, म्हणून लवकरात लवकर तोही थर छापायला घ्या.

पहिली परीक्षा अल्ब्युमिनची नाही, फेरीसायनाइडची, म्हणजे इलेक्ट्रोडशी सहज इलेक्ट्रॉनची देवघेव करणाऱ्या क्षाराची. ५ मिलिमोलर फेरीसायनाइड, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद वेगाने सायक्लिक व्होल्टामेट्री करा, म्हणजे व्होल्टेज एकदा वर आणि एकदा खाली न्यायचं आणि करंट मोजायचा, जाताना एक आणि येताना एक शिखर दिसतं. तीन मि.मी. व्यासाचा इलेक्ट्रोड असेल तर हिशोबाने शिखर पन्नास-साठ मायक्रोअँपिअरचं यायला पाहिजे. दोन शिखरांतलं अंतर आदर्श म्हणजे ५९ मिलिव्होल्ट, छापील कार्बनला शंभर-दीडशे आलं तरी चालेल, तीनशे आलं तर इंक नीट वाळलेली नाही किंवा बाइंडरने पृष्ठभाग झाकलाय. हे द्रावण काळ्या बाटलीत ठेवा, उन्हात खराब होतं, आणि त्यात कधीही तीव्र अ‍ॅसिड ओतू नका, विषारी वायू निघू शकतो, हे बायोटेकवालीला माहीत असेल पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी लक्षात ठेवा.

पीसीबीवरच (छापील सर्किट बोर्डावर) सोन्याचे इलेक्ट्रोड करून घेऊ, स्वस्त पडतं, असं तुम्ही लिहिलंय. स्वस्त पडतं हे खरं. पण नेहमीच्या पीसीबीवर जो सोनेरी मुलामा असतो तो निकेलवर दिलेला ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचा थर असतो आणि त्याला बारीक छिद्रं असतात. आम्ही एका वर्षी आठ महिने त्याच बोर्डांवर काम केलं. इम्पीडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) अल्ब्युमिनबरोबर छान वाढत होता, सरळ रेष येत होती, सगळे खूश. मग एका मुलीने सहज म्हणून नुसत्या बफरची मालिका केली, अल्ब्युमिन शून्य, फक्त तितकाच वेळ थांबून तितकीच रीडिंग, आणि तीच रेष आली. छिद्रांतून मिठाचं पाणी निकेलपर्यंत जात होतं आणि ते गंजत होतं, आम्ही आठ महिने गंज मोजत होतो. कारण आम्ही सँपल नेहमी कमी सांद्रतेकडून जास्तीकडे एकाच बोर्डवर घेत होतो त्यामुळे वेळ आणि सांद्रता एकत्रच वाढत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, सांद्रतांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि प्रत्येक मालिकेबरोबर एक कोरी मालिका. पीसीबी वापरायचीच असेल तर जाड हार्ड गोल्ड सांगून करून घ्या, पैसे जास्त पडतात.

माझं म्हणणं की पन्नासेक तयार सोन्याच्या छापील स्ट्रिप्स विकत घ्या, एकेक काही शे रुपयांना पडते पण बायोकेमिस्ट्री त्यावर बसवा, आणि समांतर तुमच्या स्वतःच्या कार्बन स्ट्रिप्स सुधारत राहा. दोन्ही नवीन गोष्टी एकत्र केल्या तर चूक कुठे आहे ते कधीच कळणार नाही.

अँटीबॉडी बसवायची नेहमीची पद्धत म्हणजे सोन्यावर आधी थायॉलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा) थर, त्याच्या टोकाला कार्बोक्सिल गट, मग ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी अँटीबॉडी जोडायची, आणि उरलेल्या मोकळ्या जागा ब्लॉक करायच्या. ईडीसी पाण्यात टाकलं की लगेच मरायला लागतं, वजन करून ठेवून जेवायला जाऊ नका. आणि ब्लॉकिंगला सगळे प्रोटोकॉल सांगतात बीएसए वापरा. इथे थांबा. बीएसए म्हणजे गाईचा अल्ब्युमिन, आणि तुम्ही माणसाचा अल्ब्युमिन ओळखणारी अँटीबॉडी बसवलीय, दोघांची रचना तीन-चतुर्थांश सारखी आहे. पुष्कळ अँटीबॉडीज, खास करून पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण), दोन्हींना चिकटतात. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने सेन्सरची सगळी तोंडं बंद करून ठेवता आणि मग म्हणता सिग्नल येत नाही. आमच्याकडे आलेल्या दोन वेगळ्या टीमनी हे केलेलं मी पाहिलंय. केसिन घ्या, किंवा इथेनॉलअमाइन आणि छोटा थायॉल, आणि अँटीबॉडी विकत घेतानाच तिचं गाईच्या अल्ब्युमिनशी किती जमतं ते डेटाशीटवर बघा. दुधाची पावडर पण नको, त्यातही थोडा गाईचा अल्ब्युमिन असतोच.

मोजायला इम्पीडन्स घ्या, फेरी-फेरोसायनाइडच्या जोडीबरोबर. अल्ब्युमिन येऊन चिकटला की इलेक्ट्रॉनचा रस्ता अडतो आणि चार्ज ट्रान्सफर रेझिस्टन्स वाढतो, इथे भार किती लांब जाणवतो हा प्रश्न येत नाही, रस्ता अडला की अडला, त्यामुळे मिठाचा तो मघाचा त्रास टळतो. फक्त एक दोष आहे, कुठलंही प्रोटीन चिकटलं तरी रस्ता अडतोच. म्हणून शेजारी दुसरा इलेक्ट्रोड ठेवा ज्यावर सगळं तसंच आहे पण अँटीबॉडी दुसऱ्याच कशाची तरी आहे, आणि दोघांतला फरक मोजा. स्ट्रिपची किंमत यामुळे फार वाढत नाही, छापायचा एक गोल जास्त, पण खात्री खूप वाढते.

रीडरबद्दल तुम्ही दोघं माझ्यापेक्षा जास्त लवकर शिकाल त्यामुळे थोडक्यात. एडी५९४० ही एकच चिप पोटेन्शिओस्टॅटचं काम (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज ठरावीक ठेवून करंट मोजणं) पण करते आणि २०० किलोहर्ट्झपर्यंत इम्पीडन्स पण, सोबत ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर जोडला की ब्लूटूथने मोबाइलवर. एलएमपी९१००० पण स्वस्त आहे पण ती मुळात गॅस सेन्सरसाठी केलेली, इम्पीडन्स करत नाही आणि अडीच व्होल्ट रेफरन्सला तिचं बायस ±०.६ व्होल्टपर्यंतच जातं. २०११ मध्ये चीपस्टॅट नावाचा खुला पोटेन्शिओस्टॅट प्रसिद्ध झाला होता, पार्ट्स ८० डॉलरच्या आत, त्याचं सर्किट अभ्यासायला अजूनही चांगलं आहे. तुमचं पाच हजाराचं बजेट रीडरला पुरेल. त्रास येईल तो घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झचा. लॅपटॉपला चार्जर लावला की आलेखावर केस उभे राहिल्यासारखं दिसतं, चार्जर काढला की शांत. बॅटरीवर चालवा आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन त्याला ग्राउंड जोडून स्ट्रिप त्याच्या आत ठेवा, सुरुवातीला त्याहून चांगला फॅराडे केज शोधत बसायची गरज नाही. तापमानाचा सेन्सर मात्र स्ट्रिपच्या अगदी शेजारी बसवा, अँटीबॉडी चिकटण्याचा वेग विदर्भातल्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरमध्ये एकसारखा नसतो.

सँपल तयार करणं हा भाग सगळे शेवटी ठेवतात आणि तिथेच प्रोजेक्ट अडकतात. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट बघा, टीबीसाठी डब्ल्यूएचओने २०२० मध्ये शिफारस केलेलं, बॅटरीवर चालतं, चिप खरोखर चिमुकली, पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवायची) रसायनं सोबत सुकवून दिलेली आणि चिपवर घातल्यापासून तासाभरात निकाल. पण त्याच्या शेजारी दुसरं एक मशीन असतं जे फक्त थुंकीतून डीएनए बाहेर काढतं. इतक्या हुशार लोकांनी इतकी वर्षं घालून सुद्धा सँपलला वेगळं मशीन लागलं. तुमच्याकडे लघवी आहे म्हणून सोपं आहे, पण थेंब मोजून घ्यायचा, पातळ करायचा, थांबायचं, धुवायचं हे सगळं आरोग्य केंद्रातली एएनएम ताई ओपीडीच्या गर्दीत करणार आहे हे डोळ्यासमोर ठेवा. तिला मायक्रोपिपेट देऊ नका. ठरावीक बफर भरलेली टोपणाची छोटी बाटली आणि ठरावीक थेंब घेणारा प्लॅस्टिकचा ड्रॉपर, यात जेवढं बसतं तेवढंच करा. आणि तिला प्रोजेक्ट संपल्यावर नको, पहिल्या महिन्यातच जाऊन भेटा, तिच्याशेजारी एक सकाळ नुसते बसा.

आणि पाऊस. आमच्या एका बॅचच्या स्ट्रिप्स एप्रिलमध्ये पुण्यात उत्तम चालल्या, जुलैमध्ये चिपळूणच्या बाजूला नेल्या तर तीन आठवड्यांत निम्मा सिग्नल गेला. चूक आमचीच होती, वीस स्ट्रिप्सची एकच बरणी दिली होती, ती दिवसातून दहा वेळा उघडली जायची आणि आतली सिलिका जेल आठवड्यात भिजून गेली होती. मग प्रत्येक स्ट्रिप वेगळ्या अ‍ॅल्युमिनियम पाऊचमध्ये आणि अँटीबॉडीवर सुकवताना ट्रेहॅलोज साखरेचा थर, तेव्हा टिकल्या. पाऊचचा खर्च छापलेल्या कार्बनपेक्षा जास्त होता. वीस रुपयांचा हिशोब कराल तेव्हा कार्बनचा कमी आणि अँटीबॉडी, पाऊच, तपासणी आणि बाद गेलेल्या स्ट्रिप्स यांचा जास्त करा.

निकाल दाखवताना पॅथॉलॉजी लॅबच्या आकड्यांशी नुसतं कोरिलेशन काढून ०.९८ आलं म्हणून थांबू नका. तुमचं रीडिंग प्रत्येक वेळी लॅबच्या दुप्पट आलं तरी कोरिलेशन एक येईल. प्रत्येक पेशंटच्या दोन आकड्यांतला फरक काढा आणि तो सरासरीसमोर मांडा, ब्लँड-ऑल्टमन म्हणतात त्याला, आणि मग विचारा की हा फरक डॉक्टरचा निर्णय बदलेल का. ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आयएसओ नियमात हे स्पष्ट आहे, १०० च्या खाली ±१५ मि.ग्रॅ. आणि वर ±१५ टक्के, ९५ टक्के रीडिंग त्यात बसली पाहिजेत. तुमच्यासाठी असाच एक आकडा एखाद्या नेफ्रॉलॉजिस्टला विचारून आधीच लिहून ठेवा, नंतर ठरवलात तर मन स्वतःच्या बाजूने झुकतं. पेशंटची लघवी घ्यायची तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, उरलेलं सँपल असलं तरी, आणि तिला वेळ लागतो, अर्ज आत्ताच करा. पुढे विकायचं मनात आलं तर मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ लागू होतात, नुसतं चाचणीसाठी बनवायलाही लायसन्स असतं.

पैशांचं आणि सोयींचं, आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या नॅनो सुविधा बाहेरच्या कॉलेजांना वापरता याव्यात म्हणून आयएनयूपी नावाची केंद्राची योजना आहे, त्यात ट्रेनिंगही मिळतं, सरांना विचारून अर्ज करा, ग्राफीनची हौस तिथे नक्की भागवा. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर हे स्टार्टअपना मदत करणारं केंद्र आहे, आणि प्रोजेक्ट पुढे न्यायचा असेल तर बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत मिळते, पण तिथे पॅनेल पहिला प्रश्न हाच विचारतं की स्ट्रिप ते स्ट्रिप फरक किती.

म्हणून पुढच्या महिन्यात एवढंच करा. एकाच दिवशी, एकाच शीटवरून वीस स्ट्रिप्स छापा, अँटीबॉडी नाही, अल्ब्युमिन नाही, फक्त फेरीसायनाइडचा थेंब, आणि वीसही शिखरं एका तक्त्यात लिहा, वाईट आलेली पण गाळायची नाहीत, कुठली स्ट्रिप शीटच्या कुठल्या कोपऱ्यातली होती तेही शेजारी लिहा. सरासरीच्या पाच टक्क्यांत फरक असेल तर अँटीबॉडी मागवा. वीस टक्के असेल तर परत त्या छापखान्यात जा. तो तक्ता आला की मला पाठवा, शीटचा फोटो पण पाठवा, कुठल्या बाजूला स्क्वीजीचा दाब कमी पडला ते पुष्कळदा फोटोवरूनच दिसतं.